आगाऊ वर्गणी आणि मध्यरात्रीची वाट

सांगलीस आमच्या घरीं गेल्या वर्षीं एका रात्रीं बारा वाजेपर्यंत दिवा जळत होता. परीक्षा जवळ नव्हती, कोणी आजारीही नव्हतें. आमचा भाचा एका व्हिडिओ गेमची वाट पाहत बसला होता. त्याचे पैसे त्यानें चार महिन्यांपूर्वींच भरले होते, आणि बाराच्या ठोक्याला तो खेळ खुला व्हावयाचा होता. दुकान नाहीं, रांग नाहीं, पुडकें नाहीं. सर्व कांहीं इंटरनेटच्या तारेंतून घरांत येणारें. "उद्यां सकाळीं पैसे भरले असते तर खेळ संपून गेला असता काय?" असें आम्हीं विचारलें. "नाहीं हो मामा, पण आधीं भरणाऱ्यांना एक वेगळा पोशाख मिळतो," असें उत्तर आलें. पोशाख खेळांतील पात्रास, भाच्यास नव्हे! आम्ही हसून निजावयास गेलों खरे; परंतु न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधीं मोजण्याची ही रीत आमच्याच मुलखांत किती जुनी आहे, या विचारानें झोंप बराच वेळ आली नाहीं.

आरंभ खुद्द सांगलीपासून करतां येईल. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें तें चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. प्रेक्षकावर खर्चाचा भार नव्हता. १८५१ सालीं चिंतामणराव वारले, आश्रय सुटला आणि मंडळी बाहेर पडली. १८५३ सालीं मुंबईस तिकीट लावून खेळ झाले. तिकीट म्हणजे पडदा वर जाण्यापूर्वींच दिलेला विश्वास होय. राजाच्या एका थैलीची जागा शेंकडों लोकांच्या कनवटीनें घेतली. पुढें रात्रीं सुरू होऊन पहाटेस संपणारीं नाटकें लोकांनीं दोन पिढ्या पाहिलीं. तेव्हां मध्यरात्रीच्या जागरणाचें श्रेय एकट्या आमच्या भाच्यास देतां येत नाहीं.

ग्रंथ आणि मासिकें यांच्या बाबतींत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं १९०८ सालीं 'इतिहाससंग्रह' मासिक काढलें. अशा मासिकाची वर्षाची वर्गणी आगाऊ पाठविणाऱ्या गृहस्थास पुढील अंकीं कोणतीं जुनीं पत्रें छापून येतील हें ठाऊक नसे. मासिक वर्षभर जगेल कीं नाहीं हेंही सांगतां येत नसे. टपालखात्यानें १८७७ सालींच व्ही. पी. ची सोय केली होती. तिनें हा धोका उलटा फिरविला. ग्राहक दारांत पैसे मोजूं लागला, आणि न सोडविलेलीं पुडकीं प्रकाशकाच्या माथीं बसूं लागलीं. व्ही. पी. परत आल्याचें रडगाणें किती संपादकांनीं गायिलें असेल, देव जाणे.

या आगाऊ विश्वासाचें सर्वांत मोठें उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चें आहे. केतकरांनीं कंपनी काढली, भाग विकले, गांवोगांव ग्राहक जमविले. ज्या खंडासाठीं ग्राहक नांव नोंदवीत होता तो अजून लिहिला जावयाचा होता. केतकरांचें काम बुडालें असतें तर ग्राहकाचे पैसेही बुडाले असते. १९२७ च्या सुमारास २३ खंडांचें काम पुरें झालें, आणि केतकरांनीं 'माझें बारा वर्षांचें काम' या ग्रंथांत मंडळाचा सारा इतिहास लोकांपुढें मांडला. घेतलेल्या विश्वासाचा असा जाब आपण होऊन देणारे लोक थोडे.

आतां व्हिडिओ गेमकडे वळूं. पूर्वीं हा खेळ प्लास्टिकच्या डबींत किंवा तबकडीवर येई. दुकानदारास किती नग मागवावे हें कळण्यासाठीं आगाऊ नोंदणी उपयोगीं पडे, आणि माल खरोखरच संपे. २४ नोव्हेंबर १९९२ रोजीं 'सॉनिक'चा दुसरा खेळ अमेरिका व युरोप येथें एकाच दिवशीं विक्रीस आणून कंपनीनें त्या तारखेचाच सण केला. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं 'हेलो २' साठीं अमेरिकेंतील हजारों दुकानें मध्यरात्रीं उघडलीं. पहिल्या चोवीस तासांत सुमारें २४ लाख प्रती खपल्या. आमच्याकडे 'प्लेस्टेशन ५' या यंत्राची आगाऊ नोंदणी १२ जानेवारी २०२१ रोजीं दुपारीं उघडली आणि कांहीं मिनिटांत संपली. यंत्र कारखान्यांत घडतें, तें अपुरें पडूं शकतें. तेव्हां ती घाई आम्हांस समजते.

पण जो खेळ तारेंतून येतो तो कधींच संपत नाहीं. मग आगाऊ पैसे कशासाठीं? १० डिसेंबर २०२० रोजीं आलेल्या 'सायबरपंक २०७७' ची आगाऊ नोंदणी ८० लाखांवर गेली होती. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळला कीं सोनीनें आठवड्याभरांतच तो आपल्या दुकानांतून काढला आणि पैसे परत देऊं केले. केतकरांच्या ग्राहकाच्या पैशानें काम पुढें सरकत होतें. येथें खेळ मोठ्या भांडवलावर आधींच तयार झालेला, आणि ग्राहकानें सोडून दिला तो केवळ परीक्षणें वाचून ठरविण्याचा हक्क. हा सौदा आम्हांस वाईट वाटतो. सर्वच खेळांविषयीं मात्र असें म्हणवत नाहीं. २०१२ सालीं अमेरिकेंतील डबल फाइन या मंडळीनें एका नव्या खेळासाठीं लोकांकडे चार लाख डॉलर मागितले. तेहेतीस लाखांवर जमले. तो खेळ दोन भागांत, २०१४ व २०१५ सालीं, लोकांच्या हातीं पडला. ही रीत केतकरांच्या जातीची आहे.

भाच्याचा खेळ त्या रात्रीं बाराला उघडला खरा, पण पुन्हां दुरुस्तीची मोठी फाईल उतरवून घ्यावी लागली आणि तो तीन वाजतां कंटाळून निजला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास कपाटांतील 'मराठी विश्वकोश' दाखविला. सातारा जिल्ह्यांतील वाईस लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखालीं हें काम सुरू झालें. पहिला खंड १९७६ सालीं निघाला, विसावा २०१५ सालीं. खर्च सरकारचा, म्हणून ग्राहकाची रक्कम अडकली नव्हती. त्याचें वय मात्र त्यांत सरलें. शास्त्रीबुवा स्वतः १९९४ सालींच गेले. आमचे वडील प्रत्येक खंड घरीं आला कीं पहिल्या पानावर तारीख घालीत. भाच्यानें एकेक खंड उघडून तारखा वाचल्या आणि शेवटच्या खंडाशीं थांबून विचारलें, "मामा, येथलें अक्षर निराळें कां?" तें अक्षर आमचें आहे.