सायकल रेस घरबसल्या कशी फॉलो करायची? मॅपवरचा ठिपका थांबला तर काय समजायचं?

माझी बायको रोड सायकलिंगच्या रेस करते. आम्ही बारामतीत राहतो, तिचं माहेर इंदापूर. रेसच्या दिवशी मला दुकान सोडून जाता येत नाही, त्यामुळे मी इकडे आणि सासूबाई तिकडे, दोघंही मोबाईलच्या मॅपवर एकच निळा ठिपका बघत बसतो.

एका रेसला तो ठिपका ४० मिनिटं जागचा हलला नाही. सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, पोरगी पडली की काय?" मी घाबरून तिला एकामागून एक १४ कॉल केले. ती पडली नव्हती. फोनच्या बॅटरी सेव्हरने लोकेशनचं ॲप बंद केलं होतं, कॉल मात्र लागत होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, शेवटच्या चढावर खिशात फोन सारखा थरथरत होता. मला वाटलं घरी काहीतरी झालं." मी तिची काळजी करत होतो आणि तिला माझी काळजी लागली होती!

तेव्हापासून मी हे सगळं नीट शिकून घेतलं. तेच आज या लेखात सांगतो.

महिलांच्या रेस लाइव्ह दिसत नाहीत का?

जानेवारी २०२६ मध्ये १९ ते २३ तारखेला पुणे ग्रँड टूर झाली आणि तिचा एक टप्पा बारामतीत संपला. आपल्या रस्त्यावर आंतरराष्ट्रीय रेस बघायला मिळाली, पण ती फक्त पुरुषांची होती. महाराष्ट्रात संगमनेरची प्रणिता सोमण, कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे अशा राष्ट्रीय पातळीवरच्या सायकलपटू मुली आहेत. तरी जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या महिलांच्या रेसला सहसा कॅमेऱ्याची गाडी नसते. मग घरच्यांकडे उरतात तीन गोष्टी: लाइव्ह लोकेशन, टायमिंग चिप आणि निकालाचा कागद. या तिन्ही वेगवेगळं सांगतात.

१. लाइव्ह लोकेशन नक्की काय दाखवतं?

इथे दोन कामं होतात आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात.

- जागा ओळखणं: हे काम जीपीएस करतं. त्याला इंटरनेट लागत नाही.
- जागा तुम्हाला पाठवणं: याला मोबाईल डेटा लागतो.

म्हणजे रेंज गेली तरी तिच्या फोनला ती कुठे आहे ते माहीत असतं, फक्त तुम्हाला कळत नाही. रेंज आली की ठिपका एकदम दहा-पंधरा किलोमीटर उडी मारतो. म्हणून ठिपक्याच्या आधी "शेवटचं अपडेट कधी?" ते बघा. अपडेट २५ मिनिटांपूर्वीचं असेल, तर तुम्ही बघताय ती २५ मिनिटांपूर्वीची जागा.

कोणतं ॲप वापरायचं?

- व्हॉट्सॲप: लाइव्ह लोकेशनला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय असतात. रेसला ८ तास निवडा. १ तास निवडला की ऐन रेसमध्ये शेअरिंग बंद पडतं आणि घरी गोंधळ उडतो.
- गुगल मॅप्स: यात समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं. हे फार कामाचं आहे. शेवटचा आकडा ४ टक्के असेल, तर ठिपका का थांबला याचा अंदाज येतो.
- स्ट्राव्हा बीकन: राईड सुरू करताना निवडलेल्या माणसांना लिंक जाते. सुरुवातीपासूनचा रस्ता दिसतो, त्यामुळे ती कुठून कुठे गेली ते कळतं.

महत्त्वाची सेटिंग: अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ते ॲप, मग बॅटरी इथे जा आणि "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. आमची ४० मिनिटं याच एका सेटिंगमुळे गेली होती.

काही रेसमध्ये फोन जवळ ठेवायला परवानगी नसते. मग फोन मैत्रिणीच्या बॅगेत राहतो आणि तुम्ही बॅगेचं लोकेशन बघत बसता. हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.

२. टायमिंग चिप म्हणजे काय?

सायकलच्या पुढच्या फोर्कला किंवा नंबरला एक छोटी चिप लावतात. रेषेवरच्या मॅटमध्ये अँटेना असतो. चिप त्यावरून गेली की वेळ नोंदली जाते. चिप म्हणजे जीपीएस नाही. दोन मॅटच्या मधे रायडर कुठे आहे हे तिला कळत नाही. सुरुवात आणि शेवट इथेच मॅट असेल, तर मधले दीड-दोन तास निकालाच्या पानावर काहीही दिसणार नाही. ते बिघडलेलं नसतं, तसंच असतं.

३. निकाल कसा वाचायचा?

रोड रेसमध्ये एकाच घोळक्यात रेषा ओलांडणाऱ्यांना साधारणपणे सारखीच वेळ देतात. त्यामुळे पहिली आणि पंधरावी यांची वेळ एकच दिसली तर चूक समजू नका. क्रमांक मात्र वेगळे असतात. अगदी जवळची फिनिश असेल तर फोटो बघून ठरवतात.

अनेक दिवसांच्या रेसमध्ये सगळ्या दिवसांच्या वेळा एकत्र करतात. २०२४ च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये कासिया नेविआदोमा फक्त ४ सेकंदांनी जिंकली. दुसरी आलेली डेमी व्होलरिंग पाचव्या टप्प्यात पडली होती. पडण्याची जागा शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये असती, तर नियमाप्रमाणे तिला तिच्या घोळक्याचीच वेळ मिळाली असती. पण ती त्याआधी पडली आणि वेळ गेला. शेवटच्या दिवशी टप्पा जिंकूनही ४ सेकंद कमी पडले.

आणखी एक: स्ट्राव्हामधला "मूव्हिंग टाइम" थांबलेला वेळ वगळतो. रेसची वेळ थांबत नाही. तुलना करायची तर "इलॅप्स्ड टाइम" बघा.

ठिपका थांबला तर काय करायचं?

आता आम्ही आदल्या रात्री अंदाज काढून ठेवतो. ६० किलोमीटरची रेस असेल, तर ताशी ३६ च्या वेगाने १ तास ४० मिनिटं आणि ताशी ३० च्या वेगाने २ तास. म्हणजे त्या वेळेच्या आधी काळजीचं कारण नाही. मग हा क्रम:

१. शेवटचं अपडेट आणि बॅटरी बघा.
२. अपडेट जुनं असेल तर रेंजचा किंवा ॲपचा प्रश्न असू शकतो. वाट बघा.
३. अपडेट ताजं आहे, तरी ठिपका ५ मिनिटं हलला नाही, तर तिला फोन करू नका. आयोजकांना किंवा कोचला करा. त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा.
४. सराव असेल आणि ती एकटी असेल, तर मात्र थेट तिलाच फोन करा. उचलला नाही तर त्या रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला.
५. अपघात झाल्याचं कळलं तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ठिपक्याची जागा गावाच्या नावासकट सांगा.

चौथा मुद्दा आमच्यासाठी खरा. ती पहाटे बारामती–इंदापूर रस्त्यावर सराव करते. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा तो रस्ता. उसाच्या हंगामात त्यावर ट्रॅक्टर आणि मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. रेसमध्ये निदान मागे गाडी असते, सरावाला कोणी नसतं.

लोकेशन सगळ्यांना दाखवू नका

रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यावर एकटी मुलगी जाते हे अनोळखी माणसाला कळणं धोक्याचं आहे. स्ट्राव्हाच्या प्रायव्हसी कंट्रोल्समध्ये "मॅप व्हिजिबिलिटी" उघडा आणि राईडची सुरुवात आणि शेवट लपवा, म्हणजे घर दिसणार नाही. लाइव्ह लिंक ग्रुपवर टाकू नका, मोजक्या माणसांनाच द्या. आणि शेअरिंग चालू करायचं की नाही हे तिने ठरवायचं. रेस संपली की आमच्याकडे ते बंद होतं. ती बाजारात गेली की मैत्रिणीकडे, हे मला मॅपवर बघायचं नाही.

गेल्या रेसला ठिपका पुन्हा थांबला, १८ मिनिटं. सासूबाईंचा फोन आलाच. मी म्हणालो, "आई, अपडेट जुनं आहे, बॅटरी ६१ टक्के होती. रेंज गेली असंल." त्या म्हणाल्या, "मग चहा टाकते." चहा उकळायच्या आत ठिपक्याने उडी मारली.