खाजनातली शाळा

खाजन हा शब्द पोर्तुगीजांनी आणलेला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. बांदिवड्याला सापडलेल्या कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमीन येते. हा ताम्रपट साधारण सहाव्या शतकातला. म्हणजे खाडीकाठचा खारा चिखल बांध घालून भाताखाली आणण्याची विद्या गोमंतकात दीड हजार वर्षांची तरी आहे. अशी जमीन आपल्याकडे सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात.

हल्ली शेतकऱ्यांच्या शिबिरांत 'चक्राकार शेती' असे ऐकू येते. शेतातले काही वाया घालवायचे नाही, एकाचे उरले ते दुसऱ्याचे खाद्य, असा त्याचा अर्थ. खाजनात हेच चालत आले. मृगाचा पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि ते पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर जाते. मानशीची लाकडी दारे अशी बसवलेली असतात की भरतीचा रेटा ती मिटतो आणि ओहोटीला आतले पाणी ती उघडते. मग कोरगुट किंवा आसगो पेरायचे. ही भाते थोडा खार सोसतात. कापणी झाली की दारे बांधून उघडी ठेवायची आणि खाडीचे पाणी आत घ्यायचे. शेतात राहिलेले कोंब आणि काड कुजते, त्यावर कोळंबी नि मासळी पोसते, त्यांची विष्ठा आणि भरतीचा गाळ पुढच्या भाताला मिळतो. मानशीच्या तोंडाशी जाळे लावायचे ते ओहोटीला, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासळी भरपूर. तिथी कळल्याशिवाय शेती नाही! पंचांग हे इथे शेतीचेच पुस्तक होते.

पण ही शाळा चालवत होते कोण? गावकरी. पोर्तुगीजांनी १५२६ साली फोराल काढून गावकरीचे जुने रिवाज लिहून घेतले, म्हणजे ते त्यांच्या येण्याआधीचे. पुढे गावकरीला कोमुनिदाद हे नाव पडले. मानशीची पावणी होई, तिच्या पैशातून बांधांची डागडुजी निघे. मासळीच्या उत्पन्नानेच भाताचा बांध राखायचा, हे खरे चक्र. गाळ आणि काड ही त्यातली छोटी गोष्ट, असे माझे मत आहे.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळकायदा आला. १९७५ च्या नियमांनी बांधांची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक झाले. हा न्याय होता, त्याबद्दल दुमत नको. गावकरीत कसणाऱ्याला आवाज नव्हता, हेही विसरता येत नाही. पण मालकी एकेकाची झाली आणि बांध मात्र सगळ्यांचा राहिला. तशातच कोळंबीला भाव आला. पावणी घेणाऱ्याला भातापेक्षा खारे पाणी फायद्याचे, म्हणून काही ठिकाणी दारे पावसाळ्यातही उघडी राहू लागली आणि खाजने बुडाली. एकदा फुटलेला बांध वेळीच बुजवला नाही तर पाचदहा वर्षांत त्या जागी खारफुटी उभी राहते. मग भात परत आणणे फार कठीण.

जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' नावाची खार सोसणारी वाणे काढली. कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्याला वाण देते, खत कसे द्यायचे ते सांगते. चांगलेच आहे. मात्र हे वाण थोडा खार सोसेल, महिनाभर उभे असलेले भरतीचे पाणी नव्हे. दार केव्हा ओढायचे, बांधात खेकड्यांनी पाडलेली भोके कुठे शोधायची, हे ज्यांना ठाऊक आहे ती मंडळी आता सत्तरी ओलांडलेली आहेत. शिबिरात त्यांना खुर्ची मिळते ती श्रोत्यांत.