अफूजन्य औषधांचा चव व आहारावरील परिणाम

अफूजन्य औषधे किंवा ओपिऑइड म्हणजे अफूच्या बोंडातील चिकापासून मिळणारी मॉर्फीन, कोडीन ही औषधे व त्यांच्यासारखेच कार्य करणारी मेथाडोन, फेंटानिल ही कृत्रिम द्रव्ये होत. वेदनाशमन हा त्यांचा मुख्य उपयोग असला, तरी अन्नाची गोडी, भूक व पचन यांवरही त्यांचा परिणाम होतो.

चव आणि रुची
चव ओळखणे व ती आवडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. चवीची जाणीव जिभेवरील रुचिकलिकांपासून सुरू होते. खाण्यातील आनंद मात्र मेंदूत निर्माण होतो. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिनसारखी द्रव्ये मेंदूतील म्यू ग्राहींवर कार्य करतात. अफूजन्य औषधेही त्याच ग्राहींना चेतवतात. उंदरांच्या मेंदूतील ठरावीक भागांत हे ग्राही चेतवल्यास ते गोड व स्निग्ध अन्न अधिक खातात. याउलट नॅलट्रेक्सोन या ग्राहीरोधक औषधाने माणसाची चव ओळखण्याची क्षमता फारशी बदलत नाही, परंतु रुचकर पदार्थांतील आनंद कमी होतो. मेथाडोन घेणाऱ्या अनेकांत गोडाची ओढ आढळते.

भूक आणि पचन
असेच ग्राही आतड्यांतही असतात. त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते, बद्धकोष्ठता जडते व मळमळते. तोंडही कोरडे पडते. अन्नातील द्रव्ये लाळेत विरघळल्याखेरीज रुचिकलिकांपर्यंत पोहोचत नसल्याने चव फिकी लागते. परिणामी गोडाची ओढ असूनही एकूण आहार घटू शकतो.

मुंबईतील बाळगोळी
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील अनेक गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूयुक्त ‘बाळगोळी’ देत. मूल दिवसभर झोपून राही. परंतु भूक मंदावल्याने व दूध चुकल्याने ते कृश होई. अफूची मात्रा जास्त झाल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवे.

रुग्णसेवेतील महत्त्व
भारतात या औषधांवर 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे; 2014 च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापरासाठी ती मिळवणे सुलभ केले. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फीन दिले जाते. त्यामुळे होणारी मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते; बद्धकोष्ठता मात्र टिकून राहत असल्याने मॉर्फीनसोबतच सारक औषध देतात. रुग्णाने अन्न नाकारणे हा हट्ट नसून आजाराचा किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. अशा वेळी थोडे थोडे अन्न वरचेवर देणे व तोंड ओलसर ठेवणे उपयुक्त ठरते. वेदनाशामक परस्पर बंद न करता मात्रेतील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा लागतो.