कुत्रं घरात शी-शू करतंय? हात उगारण्याआधी आठ दिवसांची वही लिहा

पावसाची झड लागली, की कुत्रं पाळलेल्या घरात एक कटकट हमखास सुरू होते. एरवी शहाण्यासारखं बाहेर जाणारं कुत्रं उंबऱ्यावरूनच मागं फिरतं आणि तासाभरानं सोफ्यामागं ओलं सापडतं. बेळगाव-खानापूरच्या पावसात दोन-दोन दिवस उघडीप नसते, त्यामुळं वास घरभर राहतो. फरशी पुसायचं काम बहुतेक घरांत एकाच माणसावर पडतं, कुत्रं आणायचा हट्ट मात्र भलत्याचाच असतो. मग वादावादी होते आणि शेवटी "सोडून या कुठंतरी" इथपर्यंत विषय येतो. शहराबाहेरच्या रस्त्यांवर, ढाब्यांच्या आसपास गळ्यात पट्टा असलेली कुत्री फिरताना दिसतात. त्यांतल्या काहींची कथा अशा ओल्या फरशीपासूनच सुरू झालेली असते.

पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी त्याला दंड आहे १० ते ५० रुपये. आजच्या घडीला तेवढ्यात धड चहा-नाष्टाही होत नाही, तेव्हा दंडाच्या भीतीनं कुणी थांबेल अशी आशा नको. थांबायचं कारण दुसरं आहे. ही तक्रार बहुतेक वेळा सुटणारी असते. फक्त ती नेमकी कोणती तक्रार आहे हे आधी कळायला हवं.

कारण "घरात घाण करतंय" हे एक नाव असलं, तरी त्याखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. मुळात शिकवलेलंच नसणं, आजार, हद्द आखण्यासाठी मुतणं, भीती आणि म्हातारपण. प्रत्येकाचा उपाय वेगळा. "मुद्दाम करतंय, सूड घेतंय" हे कारण या यादीत नाही. मालक आल्यावर कुत्रं कान पाडून कोपऱ्यात बसतं ते अपराधी वाटून नव्हे, तर चढलेला आवाज आणि चेहरा बघून. मघाशी केलेली शू आणि आत्ताचा मार यांचा संबंध त्याला लागत नाही. नाक घाणीत घासायची जुनी रीत तर सोडूनच द्यावी. त्यातून ते एवढंच शिकतं, की माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते पलंगाखाली, माळ्याच्या जिन्यात लपून करायला लागतं, आणि बाहेर नेल्यावरही मालकाच्या देखत करत नाही.

रोजमेळ ठेवा

दुकानदार जसा रोजमेळ लिहितो तशी आठ दिवस एक वही ठेवावी. खाणं किती वाजता, पाणी किती, बाहेर कधी नेलं, बाहेर काय केलं, घरात कुठं आणि किती केलं, त्या वेळी घरात कोण होतं. बस एवढंच. आठ दिवसांनी पानं उलटली की बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळतं. रोज पहाटे पाचलाच होत असेल, तर शेवटची फेरी लवकर होते आहे. खाल्ल्यावर वीस मिनिटांत होत असेल, तर वेळ चुकतेय. दाराच्या चौकटीवर, गॅसच्या सिलिंडरवर, नव्या पाहुण्याच्या बॅगेवर थोडी-थोडी शिंतडलेली असेल तर ती हद्द आखणी आहे. झोपल्या जागी ओलं सापडत असेल, किंवा पाण्याचं भांडं नेहमीपेक्षा लवकर रिकामं होत असेल, तर आधी डॉक्टर.

ही शेवटची नोंद फार महत्त्वाची. आधी वळण असलेलं मोठं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, तर आजार नाही हे ठरेपर्यंत शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग (हा माद्यांत जास्त), मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ही नेहमीची कारणं. खाजेसाठी किंवा सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. त्यात कुत्र्याचा काही दोष नाही. दिवसाला दर किलो वजनामागं १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे १५ किलोचं कुत्रं दीड लिटरच्या वर पीत असेल, तर ते नॉर्मल नाही. नस न कापलेली मादी माजावर येऊन एक-दोन महिने झालेत, खूप पाणी पितेय, मलूल आहे, मागून घाण वास येणारा स्राव जातोय, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भाशयात पू होण्याचा हा आजार जिवावर बेततो. आणि नर कुत्रं पाय वर करून नुसतंच कुंथतंय, थेंबही पडत नाही, तर सकाळची वाट बघू नये.

लघवी तपासायची असल्यास सकाळची, धार चालू झाल्यावर मधली, स्वच्छ बाटलीत धरावी आणि लवकरात लवकर पोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. घरच्यांची कुरकुर होईल, पण पिशवीत गुंडाळली की झालं. सोबत ती वहीही न्यावी. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिच्यातच सुटतात.

पिल्लाचं गणित

पिल्लाच्या बाबतीत ढोबळ हिशोब असा: जेवढे महिने वय, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते दिवसा जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. जागं झाल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तर लगेच न्यायलाच हवं. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की उचलायचं. ठरलेली एकच जागा, एकच शब्द. "शू कर" म्हणा नाहीतर काहीही म्हणा, घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा. आजीचा एक, नातवाचा दुसरा असं नको. झाल्याबरोबर तिथल्या तिथं खाऊचा तुकडा द्यायचा. घरात येऊन दिला तर घरात आल्याचं बक्षीस असा अर्थ त्याला लागतो. घरात करताना सापडलं, तर टाळी वाजवून लक्ष वेधावं आणि उचलून बाहेर न्यावं. नंतर सापडलं तर गुपचूप पुसावं.

इथं एक खरी अडचण आहे. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर नेऊ नका, असं डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि रक्ताचे जुलाब लागून पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. पण लसी साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात, तोवर वळण लावायचं थांबवलं तर पिल्लू घरातल्या फरशीलाच संडास समजायला लागतं. कुत्रं पायाखाली काय लागतं ते लक्षात ठेवतं. पिंजऱ्यात वाढवून विकलेली पिल्लं फरशीवरच करतात ती म्हणूनच. यावर मधला मार्ग म्हणजे इतर कुत्री येत नाहीत अशी स्वतःची जागा. परसू असेल तर उत्तम, नाहीतर गच्ची किंवा बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये माती किंवा हिरवळीचा तुकडा. वर्तमानपत्र स्वस्त पडतं, पण पुढं टीपॉयवरचा पेपर आणि जमिनीवरचा पेपर यांत त्याला फरक करता येत नाही. जमेल तिथं मातीच बरी.

रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी कुत्रं या बाबतीत सहसा सोपं जातं. त्याला मातीवर, आडोशाला जायची सवय असतेच. फक्त दार कुठलं आणि ते उघडायला कुणाला सांगायचं एवढंच शिकायचं असतं. मुधोळ हाउंडसारखी आखूड केसांची, अंगानं सडपातळ कुत्री मात्र गार पावसात बाहेर पडायला कुरकुरतात. त्यांच्यासाठी पत्र्याखाली किंवा पोर्चमध्ये एक कोरडी जागा ठरवून घ्यावी आणि ती पावसाळ्याआधीच, मे महिन्यात सवयीची करावी. झडीत अंगावर रेनकोट चढवला तरी पाय ओले होतातच, आणि खरी नाराजी तिथंच असते. शू झाली की लगेच ओढत घरात आणायची घाई करू नये. शू केली की फिरणं संपतं हे कळल्यावर कुत्रं धरून ठेवायला शिकतं.

फिनेलनं वास जात नाही

घाण पुसली तरी त्याच जागी परत होते, याचं कारण बहुतेक वेळा सफाईत असतं. माणसाला फिनेलचा वास येतो, कुत्र्याला त्याखालच्या लघवीचा. काळं फिनेल कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेलं तर विषारी असतं, आणि पाय चाटताना ते जातंच. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावं, पाण्यानं पुसावं, मग पाळीव जनावरांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण टाकून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवावं. पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात घालून वापरायचा सल्ला सगळीकडं मिळतो. टाइल्सवर तो ठीक आहे. पण आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्पा असतो, ते दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगरच्या आंबटपणानं त्यांची चकाकी जाते. मार्बलचंही तेच.

हद्द आखणाऱ्या नरांची नस कापली, म्हणजे खच्चीकरण केलं, की बऱ्याच जणांत सवय कमी होते. सगळ्यांत नाही, आणि सवय जुनी असेल तर कमीच. तरुण वयात केलेलं बरं. कुणी घरी आलं की पोट दाखवत थेंब-थेंब करणारी पिल्लं वेगळी. ती घाबरून शरण येत असतात. अंगावर वाकून "अगं बाई, कित्ती मोठा झाला" करण्याऐवजी बाजूला बसून हात खाली ठेवला, की काही महिन्यांत हे थांबतं. त्यांना रागावलं तर वाढतं.

भीतीचा दुसरा प्रकार गणपतीत आणि दिवाळीत दिसतो. संध्याकाळी ढोल, डॉल्बी, फटाके चालू असताना बाहेर नेलेलं कुत्रं शेपूट घालून तसंच परत येतं आणि घरात मोकळं होतं. त्या दिवसांत शेवटची मोठी फेरी मिरवणुका निघायच्या आधी उरकावी आणि उशिरा शांत झाल्यावर दोन मिनिटं परत न्यावं. घरात कुणी नसतानाच घाण होत असेल, सोबत दार ओरबाडलेलं असेल, शेजारी ओरडण्याची तक्रार करत असतील, तर ते एकटेपणाचं घाबरणं आहे. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला की खात्री होते. त्यावर ट्रे किंवा खाऊचा उपयोग नाही, पाच-दहा मिनिटांपासून हळूहळू एकटं राहायची सवय लावावी लागते, आणि जास्त असेल तर डॉक्टरांची औषधंही लागतात.

अपार्टमेंटमध्ये हा विषय सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जातो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंही कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण जिन्यातली शी उचलायला पिशवी घेऊन जाणं हे मालकाचंच काम. कुत्र्याच्या शीतून जंतांची अंडी पसरतात, लघवीतून लेप्टोस्पायरा पसरू शकतो, आणि खाली पोरं अनवाणी खेळत असतात. शेजारी चिडतात ते उगाच नाही.

दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. सांधे धरलेले असतात, तीन मजले उतरेपर्यंत जिन्यातच होतं. काहींना वयानं विसरायला होतं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभी राहतात. त्यांना नव्यानं शिकवायला जाऊ नये. फेऱ्या वाढवाव्यात, घसरत्या फरशीवर गोणपाट किंवा चटई टाकावी, अंथरुणाखाली प्लास्टिक घालावं आणि दुखण्यावर काही देता येईल का ते डॉक्टरांना विचारावं. माणसाच्या पेनकिलर गोळ्या मात्र मनानं देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही निकामी होऊ शकतात.