आजार शरीराचा, पण लेकराच्या मनाचं काय? पालकांनी काय पाहावं, मदत कुठं मिळते

मार्गासनी : मधुमेह, हृदयाचं छिद्र, थॅलेसेमिया, मिरगी, कॅन्सर. लहानपणीच असलं दुखणं मागं लागलं की घरचे गोळ्या, रिपोर्ट आणि खर्च यात गुंततात. पोराच्या मनात काय चाललंय हे विचारायचं राहून जातं. आपल्याकडून पुण्याला दाखवून आणायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यात भातलावणी असली तर विचारूच नका.

टाइप १ मधुमेहाचं उदाहरण घ्या. यात शरीरात इन्सुलिन बनणं जवळपास थांबतं. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही आणि काढा पिऊन जातही नाही. रोज बोटाला टोचून साखर तपासायची, बहुतेकांना दिवसातून तीन-चार इंजेक्शनं. मूल काही दिवस निमूट करतं. मग वर्गात कुणीतरी 'म्हाताऱ्यांचा आजार' म्हणून हसतं, आणि पोरगं डब्याआधीचं इंजेक्शन चुकवायला लागतं. घरी मात्र 'घेतलं' म्हणून सांगतं. हा हट्टीपणा नव्हे, ती लाज असते. पण इन्सुलिन बंद पडलं तर एक-दोन दिवसांतच उलट्या, धाप, बेशुद्धी होऊन जिवावर बेततं. म्हणून मनाची काळजी हा उपचाराचाच भाग आहे.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवलं, की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधेच खाऊ द्यावं. पालकांनी हे मुख्याध्यापकांच्या कानावर घालावं.

झोप उडणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, खेळ सोडणं, औषध लपवणं, 'मी मरणार का?' असं विचारणं, याकडं लक्ष ठेवा. लहान मुलांना बऱ्याचदा वाटतं, आपण काहीतरी चुकलो म्हणून ही शिक्षा मिळाली. 'तुझी चूक नाही' हे स्पष्ट सांगा. सुई टोचताना 'दुखणार नाही' असं खोटं बोलू नका, पुढच्या वेळी पोर विश्वास ठेवत नाही. पाहुण्यांपुढं त्याच्याच देखत कुजबुज तर नकोच. आणि घरातलं दुसरं भावंडही विसरू नका, त्याच्या वाट्याला आईबाप कमीच येतात.

मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यांना शरीराच्या तक्रारीबरोबर वागण्यातला बदलही सांगा. पुढच्या तपासणीसाठी औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून आहे. मूल जीव द्यायची भाषा करत असेल तर मात्र थांबू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फोन करताना चालू औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. मनाची काही औषधं दुसऱ्या औषधांबरोबर चालत नाहीत, त्यामुळं मूळ आजाराच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच गोळी सुरू किंवा बंद करू नये.