वऱ्हाडचे तुरुंग : शासन कीं सुधारणा?

तुरुंगाचें नांव निघालें, कीं वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत प्रथम आठवण होते ती सत्याग्रहाची. १९२३ सालीं नागपुरास झेंडा-सत्याग्रह झाला. त्यांत विनोबा भावे यांना शिक्षा झाली आणि त्या शिक्षेचा कांहीं काळ त्यांनीं अकोल्याच्या तुरुंगांत काढला. पुढें १९३० च्या एप्रिलांत अकोला जिल्ह्यांतील दहिहंडा येथें खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं जुलैंत पुसदकडे लोकनायक बापूजी अणे यांनीं जंगल-सत्याग्रह आरंभिला. तुरुंग भरून गेले. सुटून येणाऱ्याच्या गळ्यांत हार पडत, आणि आंत जातांना जो साधा कार्यकर्ता होता तो बाहेर येतांना गांवाचा पुढारी होऊन येई. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं अशा एखाद्या आजोबांची तसबीर अद्याप भिंतीवर असेल.

त्याच दरवाजानें दुसरींहि माणसें बाहेर पडत. कोणी खळ्यावरील धान्य चोरल्याबद्दल आंत गेलेला, कोणी धुऱ्याच्या भांडणांत दुसऱ्याचें डोकें फोडलेला. त्यांच्या स्वागतास कोणी येत नसे. दोघांवर दार एकाच भिंतीचें बंद झालें होतें. मोठा फरक होता तो दार उघडल्यानंतरचा. शासन कीं सुधारणा हा वाद करणारे पंडित बहुधा भिंतीच्या आंतच पाहतात, आणि म्हणून तो वाद संपत नाहीं.

आंतला इतिहासहि मात्र जाणून घेण्यासारखा आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभीं कैद्यांना बेड्या घालून सडकेच्या कामावर नेत. मेकॉले यांच्या सूचनेवरून १८३६ सालीं एक कमिटी नेमली गेली, तिचा अहवाल १८३८ सालीं आला. सडकेवरील मजुरी बंद करावी, लांब मुदतीच्या कैद्यांसाठीं मध्यवर्ती तुरुंग बांधावे, आणि आंत त्यांना कंटाळवाणें, जीव नकोसा करणारें काम द्यावें, असा तिचा सल्ला होता. शिक्षण देऊन कैद्याचें मन सुधारण्याची कल्पना तिनें जवळजवळ झिडकारूनच टाकली. ज्या विद्वानानें देशाच्या शिक्षणाची दिशा ठरविली, त्याच्याच सूचनेंतून निघालेल्या कमिटीनें तुरुंगांत शिक्षणाला जागा ठेवूं नये, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

१८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हां हा विचार तयारच होता. कागदोपत्रीं प्रांत निजामाचा असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. ते निराळ्या हुकुमानें लावावे लागत. परंतु अमरावतीस व अकोल्यास जे तुरुंग उभे राहिले ते त्याच साच्याचे. पुढें १८९४ चा कारागृह-कायदा झाला. त्यांत शिस्त आहे, अन्नवस्त्र आहे, तुरुंगांतील गुन्हे व त्यांबद्दल फटक्यांपर्यंतच्या शिक्षा आहेत. कैद्याच्या सुधारणेसंबंधीं एकहि प्रकरण नाहीं. १९१९-२० च्या कार्ड्यू कमिटीनें परदेशचे तुरुंग पाहून, माणसाला सुधारून समाजांत परत आणणें हें तुरुंगाचें काम होय, असें प्रथम स्पष्ट सांगितलें. कायदा मात्र शंभराहून अधिक वर्षें तोच राहिला.

शासनाचा पक्ष अगदींच टाकाऊ आहे असें मानणें योग्य होणार नाहीं. ज्या घरचा कर्ता मुलगा मारला गेला, त्या घराला गुन्हेगाराच्या सुधारणेची भाषा ऐकवणें ही क्रूर थट्टा ठरते. त्या घरालाहि न्यायाचा हक्क आहे. पण न्यायाधीश शिक्षा देतो ती स्वातंत्र्य हिरावण्याची. तीवर अपमानाची, निरर्थक कष्टाची भर घालण्याचा अधिकार तुरुंगाला कोणी दिला? शिवाय, २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत जे होते, त्यांतील दर शंभरांत सुमारें ७५ जणांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. ज्यांचा अपराध ठरलेला नाहीं त्यांना शासन तरी कशाचें, आणि सुधारणा तरी कोणत्या दोषाची?

वऱ्हाडांत याहून कठीण उदाहरण आहे तें पारध्यांचें. वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील मेजर गंथॉर्प यांनीं १८८२ सालीं मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत येथील ‘गुन्हेगार जाती’ वर एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. त्याच्या अकरा वर्षें आधीं, १८७१ सालीं, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. १९११ व १९२४ च्या कायद्यांनीं त्याची पकड वाढविली. जन्मतःच नांव नोंदलेलें, हजेरी ठरलेली, परवान्यावांचून गांव सोडण्याची बंदी. सोलापूरसारख्या ठिकाणीं तर तारेच्या कुंपणांत वसाहती केल्या, आणि त्यांना नांव दिलें तें सुधारणेचें! येथें शिक्षा गुन्ह्याच्या आधीं आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. परंतु चोरी झाली कीं प्रथम पारध्याची पालें झडतात, ही संवय कायद्याबरोबर गेली नाहीं. तुरुंगांच्या नियम-पुस्तकांतहि ती टिकून होती. जातीवरून कामें वाटणारे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे नियम सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं.

उलट प्रयोगहि महाराष्ट्रांतच झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या साहाय्यानें, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें. तेथें भिंत नाहीं. कैदी शेती करतो, आणि त्याचें कुटुंब त्याच्याजवळ राहूं शकतें. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटामुळें ही गोष्ट घरोघर पोहोंचली. अमरावती जिल्ह्यांत मोर्शी येथेंहि खुलें कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीचे, निवडक कैदी तेथें शेतीकामावर असतात. यांत विशेष तत्त्वज्ञान नाहीं. एकच गोष्ट आहे, कीं सुटण्याच्या दिवसापूर्वींच त्या माणसावर कोणीतरी भरंवसा टाकलेला असतो, आणि नांगराची मूठ त्याच्या हातांतून सुटलेली नसते. सत्याग्रही कैद्याला जें हारांतून मिळालें, तेंच याला थोड्या प्रमाणांत, हारांवांचून, मिळतें. अशा जागा थोड्या. उंच भिंतींआड राहणारे पुष्कळ.

आणि त्या भिंतींआड गेलेल्यांच्या मुलांचें काय? अमरावती जिल्ह्यांतील नांदगांव-खंडेश्वर तालुक्यांत मंगरूळ चव्हाळा येथें मतीन भोसले या पारधी समाजांतील शिक्षकानें नोकरी सोडून अशा मुलांसाठीं आश्रमशाळा काढली. कोणाचा बाप तुरुंगांत, कोणी रेल्वे-स्थानकावर भीक मागत असलेलें. तीं मुलें गोळा करून त्यांनीं शाळेंत बसविलीं. शाळेचें नांव त्यांनीं ‘प्रश्नचिन्ह’ असें ठेवलें आहे.