वैमानिकाचें दुसरें प्रमाणपत्र

विमान चालवितां आलें म्हणजे वैमानिकाचें शिक्षण पुरें झालें, असें नाहीं. बिनतारी यंत्रावरून बोलण्याचें निराळें प्रमाणपत्र त्यास मिळवावें लागतें. हें निराळें कां, याचें उत्तर विमानविद्येंत नसून दप्तरांत आहे. बिनतारी यंत्रांचा कायदा १९३३ चा, विमानांचा १९३४ चा. आकाश एक, परंतु खातीं दोन! १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें, तेव्हां त्यांच्या पस मॉथ विमानांत बिनतारी यंत्रच नव्हतें. पुढें यंत्र आलें व त्यामागून परीक्षाहि आली.

या परीक्षेचें मर्म उच्चारांत आहे. आम्हां पोथ्या चाळणारांस घ व ध, भ व म यांनीं जसें छळलें आहे, तसेंच इंग्रजी बी, डी, पी हीं अक्षरें यंत्राच्या खरखरींत कानास छळतात. यास्तव त्यांस ब्राव्हो, डेल्टा, पापा अशीं नांवें दिलीं. सांप्रतची नामावली १ मार्च १९५६ पासूनची आहे. नऊ हा अंक ‘नाइनर’ असा उच्चारावयाचा. संकटसमयींचा ‘मेडे’ हा शब्द क्रॉयडन विमानतळावरील फ्रेडरिक मॉकफर्ड यांनीं फ्रेंच भाषेंतील ‘मला साह्य करा’ या अर्थाच्या शब्दांवरून योजिला. तारेवरील एस्‌-ओ-एस्‌ या खुणेंतील एस्‌ बोलण्यांत नीट ऐकूं येत नसे. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें त्यास मान्यता दिली.

मनोऱ्यावरून आलेली अनुज्ञा वैमानिकानें परत म्हणून दाखवावयाची, व चुकल्यास मनोऱ्यानें सुधारावयाची. पद, क्रम, जटा, घन या पाठांनीं संहितेचें अक्षर राखणाऱ्या वैदिकांस यांत नवल वाटणार नाहीं. आमच्या यवतमाळास मात्र दुसरेंच स्मरण होतें. शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांनीं ज्या महानुभाव वाङ्मयाचा आयुष्यभर शोध घेतला, त्यांतील सकळ लिपींत एका अक्षराच्या जागीं दुसरें येतें, तें परक्यास कळूं नये म्हणून. येथें अक्षराच्या जागीं शब्द येतो, तो कोणासहि चुकीचा कळूं नये म्हणून.

हें प्रमाणपत्र दीर्घकाल दळणवळण खात्याची बिनतारी शाखा देत असे. १ जानेवारी २०२५ रोजीं अंमलांत आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमानें तो अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेला. जुनी परंपरा येथें खंडित झाली. सनदा व महजर जपणाऱ्या संग्राहकांस हे कागद अर्वाचीन, म्हणून क्षुद्र वाटतील. पण पेशवे दप्तरांतील कित्येक रुमालहि एके काळीं रद्दीच होते. कोणा वैमानिकाच्या घरीं असें जुनें प्रमाणपत्र अथवा उड्डाणांची नोंदवही असल्यास, कुटुंबीयांच्या संमतीनें तिची नक्कल अवश्य करून ठेवावी. मूळ कागद मात्र घरींच असूं द्यावा.